परसबागेतील भाजीपाला : ऋतुचक्र आणि उत्पादनातील चढउतार

प्रस्तावना :
महाराष्ट्रात घराच्या मागील दारी परसबाग राखण्याची प्रथा पूर्वापार चालत आलेली आहे. सांडपाण्यावर अळू, मांडवावर दोडका व कारली आणि कुंपणावर वाल असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. शहरांत गच्चीवरील कुंड्यांमध्येही तिचा विस्तार झाला आहे. मात्र एका वर्षी भरभरून फळणारा वेल दुसऱ्या वर्षी रिता राहतो. त्याचा दोष 'हाताच्या गुणा'ला दिला जातो किंवा घाईने कीटकनाशक फवारले जाते. या चढउतारांमागील कारणांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उन्हाळा :
दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की टोमॅटोच्या परागकणांची फलनक्षमता घटते व फुले गळतात. झाड हिरवेगार असूनही फळ धरत नाही, याचे कारण अशा वेळी बहुधा उष्मा हे असते. अधिक खत दिल्याने केवळ पालाच वाढतो. पाणी कधी कमी व कधी जास्त दिल्यास कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि ते टोक काळे पडते. भेंडी व गवार यांना मात्र हा ऋतू मानवतो. तथापि पांढरी माशी वाढल्यास तिच्याद्वारे पसरणाऱ्या विषाणूमुळे भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात.

पावसाळा :
काकडी, दोडका व कारली या वेलींवर नर व मादी फुले स्वतंत्र येतात. प्रारंभीची फुले बहुधा नर असल्याने त्यांचे गळणे स्वाभाविक असते. पुढे मादी फुले आली तरी संततधार पावसात मधमाश्या फिरकत नाहीत. परागीभवन न झाल्याने कोवळी फळे पिवळी पडून गळतात. जी फळे धरतात, त्यांत फळमाशी अंडी घालते. कुंडीत पाणी साचल्यास मुळे कुजतात.

हिवाळा :
मेथी, पालक, कोबी व टोमॅटो यांना हा ऋतू अनुकूल असतो. वालाच्या अनेक पारंपरिक जाती दिवस लहान झाल्यावरच फुलतात. त्यामुळे जूनमध्ये लावलेला वेल काही महिने नुसता पसरतो, आणि वांझ समजून तो उपटला गेल्यास ऐन हंगाम हातचा जातो. ढगाळ हवामानात मावा वाढतो. अवकाळी पावसावर तर कोणाचेच नियंत्रण नसते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्यातील मोठ्या क्षेत्रावरील उभी पिके नष्ट केली होती.

उपाययोजना :
एकाच दिवशी सर्व बी न पेरता १०-१५ दिवसांच्या अंतराने पेरणी करावी. मिश्र लागवड केल्यास एक पीक फसले तरी दुसरे हाती लागते. पावसाळ्यात नर फुलातील पराग मादी फुलास हाताने लावावा. काकडी व कारली यांसाठी सकाळची, तर सायंकाळी उमलणाऱ्या दोडक्यासाठी सायंकाळची वेळ योग्य ठरते. किडलेली फळे बागेत न टाकता नष्ट करावीत. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक टाळावे, कारण त्याने मधमाश्याही मरतात व विषारी अंश थेट घरच्या ताटात येतो. पेरणी, पाऊस व फुलोरा यांच्या नोंदी वहीत ठेवाव्यात.

समारोप :
परसबागेतील अपयशाचा मोठा भाग तापमान, दिवसमान, परागीभवन व कीड यांच्या आधारे उलगडता येतो. उरलेला भाग निसर्गाधीन राहतो. हा भेद ज्यास कळला, तो एका फसलेल्या हंगामामुळे बाग सोडून देत नाही. पुढील पेरणीसाठी बी राखून ठेवतो.