पेडणेकर, लंडनर, डंपर

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतलं मूल चौथी संपवून हायस्कुलात येतं, तेव्हा शाळा बदलते आणि शिकण्याची भाषाही बदलते. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी. मुक्तीनंतरच्या दोन-तीन पिढ्या पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत याच वाटेने गेल्या. घरात कोकणी, पोथीला आणि वर्तमानपत्राला मराठी, आणि आता गणित-विज्ञानाला इंग्रजी. मी आधी पेडण्यात आणि मग बरीच वर्षं डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. पाचवी-सहावीच्या वर्गात ही वाट कुठे अडते, ते रोज समोर दिसायचं.

एकदा एक मुलगी विज्ञानाचं पुस्तक घेऊन टेबलाजवळ आली. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “सर, हें म्हाका वाचूंक येना.” शब्द होता ‘इन्व्हर्टिब्रेट’. मी तो फळ्यावर लिहिला, दोन उभ्या रेघा मारून त्याचे तीन तुकडे केले: इन्, व्हर्टिब्र, एट. प्रत्येक तुकड्याच्या बरोबर खाली मराठी तुकडा लिहिला: अ, पृष्ठवंश, ईय. अपृष्ठवंशीय. वर्गात क्षणभर शांतता, आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे दोन्ही एकच!” एकच नाहीत, पण बांधणी एकच आहे. पुढे नकार, मध्ये वस्तू, शेवटी ‘त्या जातीचा’ असं सांगणारं शेपूट. मुलांना इंग्रजी शब्द कळला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इतकी वर्षं तोंडात असलेला मराठी शब्द पहिल्यांदाच उघडून दिसला.

मी स्वतः शिकलो तेव्हा उपसर्गांची यादी पाठ केली होती. ‘अन्’ म्हणजे नाही, ‘डिस्’ म्हणजे नाही, ‘मिस्’ म्हणजे चुकीचं. यादी पाठ झाली, परीक्षेत गुण मिळाले, पण नवा शब्द समोर आला की ती यादी कामाला येत नव्हती. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की दंड, असं त्या काळी होतं. म्हणून जी किल्ली खिशातच होती ती बाहेर काढायची सोय नव्हती.

ही किल्ली किती जुनी आहे, त्याचा पहिला सुगावा ज्यांना लागला त्यांतला एक माणूस गोव्यातच राहत होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. साष्टीत राहून त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. या माणसाने १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्र लिहून कळवलं, की इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या घडणीशी मिळतीजुळती आहे. त्याच सुमारास फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोची-गोव्यात होता. त्याने देव, सर्प, सप्त हे शब्द आपल्या इटालियन शब्दांशी ताडून पाहिले. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. स्टीफन्सचं ते पत्र विसाव्या शतकापर्यंत छापलंच गेलं नव्हतं. पाचवीच्या मुलांना मी हे दरवर्षी सांगत असे. ज्या भाषेला तुम्ही घाबरता, त्या भाषेत वाढलेल्या माणसाने आपल्या मातीत बसून हे ओळखलं, असं म्हटलं की मुलं ताठ बसायची.

संस्कृतात नकाराचा उपसर्ग व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ असतो: अन्याय, पण अनर्थ. ग्रीकात नेमकं हेच होतं आणि ते इंग्रजीत तसंच उतरलं. ‘एथीस्ट’मध्ये नुसता ‘अ’, ‘अ‍ॅनार्की’मध्ये ‘अन्’. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या ‘अ‍ॅनिमिया’तही तोच ‘अन्’ आहे, पुढे रक्ताचा ग्रीक शब्द. इंग्रजीचा स्वतःचा ‘अन्’, लॅटिनमधून आलेला ‘इन्’, ग्रीकचा ‘अ’ आणि आपला ‘अ’ हे चार चुलतभाऊ आहेत. ‘इंटरनॅशनल’मधला ‘इंटर’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’मधला ‘अंतर्’ हेही असेच भाऊ. पेडण्याच्या मुलांना हे आता पुस्तकात शोधावं लागत नाही. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, आणि दोन्ही शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात आले.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द ‘पेरिमीटर’. चौथीत मुलांनी आयताची परिमिती काढलेली असते. परि आणि मिती, पेरी आणि मीटर. इथे उपसर्ग भाऊ आहे आणि धातूही भाऊ आहे, मोजणं या अर्थाचा. मराठीत चौकोनाच्या कडेने फिरलेलं मूल इंग्रजीतही त्याच कडेने फिरतं.

प्रत्ययांकडे वळायचं तर या दोन तालुक्यांत शिकवायला वेगळं साहित्य लागत नाही. हजेरीपट पुरतो. पेडणेकर, मांद्रेकर, हरमलकर, मोरजकर, पार्सेकर, कोरगावकर, पालयेकर, केरकर, धारगळकर. डिचोलीत मयेकर, नार्वेकर, आमोणकर, साखळकर, कुडणेकर, शिरगावकर. अर्धा वर्ग ‘कर’ घेऊन बसलेला. मी विचारायचो, लंडनमध्ये राहणाऱ्याला काय म्हणाल? ‘लंडनकर’ असं उत्तर हसत यायचं. इंग्रज त्याला ‘लंडनर’ म्हणतो. गावाला शेपूट लावून माणूस करण्याची युक्ती तीच. फरक इतकाच, की लंडनरला ते आडनाव म्हणून लावता येत नाही आणि आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. किशोरी आमोणकरांच्या नावात डिचोली तालुक्यातलं आमोणे आहे, हे सांगितलं की आमोण्याची मुलं एकमेकांकडे बघायची.

या आडनावांत स्पेलिंगचा एक नियमही दडलेला आहे. साखळीचा माणूस साखळीकर होत नाही, साखळकर होतो. केरीचा केरकर, डिचोलीचा डिचोलकर. प्रत्यय लागताना शेवटची ‘ई’ गळते. पण मयेचा मयेकरच, नार्व्याचा नार्वेकरच. तिथे ‘ए’ टिकतो. इंग्रजीत ‘मेक’ला ‘इंग’ लागलं की शेवटचा ‘ई’ जातो, ‘मूव्ह’चा ‘मूव्हेबल’ करतानाही जातो, आणि ‘चेंजेबल’मध्ये मात्र राहतो. आपल्या आडनावातलं अक्षर गळलेलं ज्याने पाहिलंय, त्याला हा नियम जाचक वाटत नाही.

मग खोट्या प्रत्ययांचा तास. ‘लवकर’ हे कुणाचं आडनाव नाही, आणि ‘भाकर’मध्ये कुठलं गाव नाही. तसंच ‘फिंगर’मध्ये ‘फिंग’ करणारा कुणी नाही आणि ‘अंकल’मध्ये नकार नाही. तुकडा पाडला की उरलेल्या भागाला अर्थ असला पाहिजे, हा नियम मुलं स्वतःच शोधून काढतात.

या खोट्या प्रत्ययांत सगळ्यात फसवा आपल्या गावांच्या पाट्यांवरच आहे. कोकण रेल्वेने पेडण्याला उतरा. वर देवनागरीत पेडणे, खाली रोमनमध्ये जे आहे ते अक्षराअक्षराने वाचलं तर ‘पेर्नेम’. डिचोलीचं ‘बिचोलिम’, मांद्र्याचं ‘मॅन्ड्रेम’, मोरजीचं ‘मोर्जिम’, मयेचं ‘मायेम’. मुलांना वाटतं ‘एम’ हा गावाचा प्रत्यय आहे. तो प्रत्यय नाही, अनुस्वार आहे. पोर्तुगीज लिहिताना नाकातल्या स्वराची खूण म्हणून शेवटी ‘एम’ लिहितात. पेडणें, मयें, मोरजीं या कोकणी उच्चारांतलं शेवटचं नाकातलं टोक त्यांनी त्यांच्या लिपीत असं टिपलं. ‘ड’ त्यांना ‘र’च्या जवळचा वाटला, म्हणून पेडण्यातला ‘ड’ गेला आणि अस्नोड्याचं ‘असोनोरा’ झालं. पोर्तुगीज गेले, इंग्रजी आली, आणि ती खूण अक्षर म्हणून वाचली जाऊ लागली. आता विमानातून उतरलेला पाहुणा ‘मोर्जिम’ म्हणतो, आणि टॅक्सीवालाही त्याच्यासाठी ‘मोर्जिम’च म्हणतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. स्वतःच्या गावाचं नाव तरी परक्याच्या चुकीने उच्चारू नये, असं मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो.

पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे उशिरा, १७८१ ते १७८८ च्या दरम्यान गेली. या नव्याने जिंकलेल्या मुलखात, नव्या काबिजादींत, म्हणूनच मराठी इतकी घट्ट राहिली. तरी कचेरीची पोर्तुगीज घरांत पोचलीच. तालुक्याचा अधिकारी ‘आदमिनिस्त्रादोर’, गावचा ‘रेजिदोर’. मुक्तीनंतर कचेरीत इंग्रजी आली, तेव्हा पोर्तुगीज शिकलेल्यांना ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द परका वाटण्याचं कारणच नव्हतं. पोर्तुगीज ‘दोर’ आणि इंग्रजी ‘टर’ लॅटिनच्या एकाच पोटातले, आणि आपल्या ‘दाता’, ‘कर्ता’, ‘नेता’ यांतला ‘ता’ त्यांचाच नातलग. त्याच कचेरीत आज बसतो तो मामलेदार. हा ‘दार’ फारसीचा.

फारसीवरून आठवलं. ‘इरिस्पॉन्सिबल’ हा शब्द आठवीच्या मुलांनाही जड जातो. त्याखाली ‘बेजबाबदार’ लिहून पाहा: बे, जबाब, दार. इर्, रिस्पॉन्स, इबल. तीन डबे तीन डब्यांसमोर उभे. आणि ‘नापास’ तर आपल्या शाळांनी घडवलेला शब्द. फारसीचा ‘ना’, इंग्रजीचा ‘पास’, आणि मराठी घराघरांत निकालाच्या दिवशीची शांतता. इंग्रजांनी ‘पास’ला कधी ‘अन्’ लावला नाही. आपण मात्र त्यांच्या शब्दाला आपल्याकडचा उपसर्ग लावून मोकळे झालो.

‘इरिस्पॉन्सिबल’मध्ये ‘इन्’चा ‘इर्’ का झाला, ‘इल्लीगल’मध्ये ‘इल्’ आणि ‘इम्पॉसिबल’मध्ये ‘इम्’ का, हे इंग्रजीच्या व्याकरणात नियम म्हणून पाठ करायला लावतात. संधी शिकलेल्या मुलाला ते सांगावं लागत नाही. सत् आणि जन मिळून सज्जन, तत् आणि लीन मिळून तल्लीन. पुढचं व्यंजन मागच्याला आपल्यासारखं करून घेतं. ‘तल्लीन’ आणि ‘इल्लीगल’ एका ओळीत लिहिले की वर्गच उरलेली उदाहरणं सांगतो.

सगळीकडे असं जुळतं असं मात्र नाही. ‘ट्रान्सपरंट’ म्हणजे पारदर्शक, इथपर्यंत तुकडे छान बसतात. अपारदर्शकला मात्र इंग्रजी ‘ओपेक’ म्हणते, आणि तो शब्द फोडता येत नाही. टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ते वाचून एका मुलाने ‘अजिबात न पेटणारं’ असा अर्थ सांगितला होता. तिथला ‘इन्’ नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा आहे. ‘इन्व्हॅल्युएबल’ला मात्र मुलं चकत नाहीत, कारण ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोल नव्हे, हे त्यांना आजीने शिकवलेलं असतं. आणि आघाताच्या बाबतीत मराठी काहीच मदत करत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटॉग्रफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये आणखी पुढे. आपल्याकडे प्रत्यय लागला म्हणून शब्दाचा तोल असा हलत नाही. हे कानानेच शिकावं लागतं, पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून.

डिचोलीत एक प्रत्यय मात्र मला कधीच शिकवावा लागला नाही. तो खाणींनी शिकवला. टिपर, डंपर, लोडर, क्रशर, ड्रायव्हर, क्लीनर. या तालुक्यातली मुलं हे शब्द अक्षरओळख होण्याआधी शिकायची, कारण घरातला कुणीतरी यांतल्या एकावर असायचा. फक्त उलटं जायचं: लोडर भरतो, तर ‘लोड’ म्हणजे भरणं, क्रशर फोडतो, तर ‘क्रश’ म्हणजे चुरा करणं. यंत्रालाही ‘अर’, माणसालाही ‘अर’. क्लीनर हा ट्रकवरचा पोरगा आहे, साबण नव्हे, हे मात्र शहरातल्या पुस्तकांना सांगावं लागतं. आणि ‘मायनिंग’: क्रियापदाला ‘इंग’ लावून झालेलं नाम, इथे मराठी-कोकणी नामासारखंच चालतं. ‘मायनिंगात कामाक आसा,’ असं सांगणाऱ्याला तो इंग्रजी शब्द आहे याची आठवणही नसते.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझ रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. घराघरासमोर ट्रक उभे राहिले, त्यांच्यावर गवत चढलं. याच काळात मुलं वर्तमानपत्रातला एक शब्द रोज वाचत होती: ‘ई-लिलावात’. आधी काढून पडून राहिलेल्या खनिजाच्या विक्रीचा. मी तो एकदा फळ्यावर घेतला. ‘ई’ हा इलेक्ट्रॉनिकचं एकच अक्षर उरलेला इंग्रजी उपसर्ग. ‘लिलाव’ पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून आपल्याकडे आलेला. शेवटी आपला मराठी ‘त’, आणि त्याच्यासाठी ‘लिलाव’ने केलेलं सामान्यरूप ‘लिलावा’. एवढ्याशा शब्दात तीन भाषा.

त्याच काळात सातवीत ‘माय व्हिलेज’ या विषयावर निबंध घेतला होता. एका ट्रकवाल्याच्या मुलाने लिहिलं होतं, आमचं गाव आता ‘अन्ट्रक्ड’ आहे. असा शब्द कुठल्याही कोशात नाही. मी लाल पेन उचललं, शब्द तीनदा वाचला. अन्, ट्रक, एड. तिन्ही तुकडे जागच्या जागी होते. मी पेन खाली ठेवलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.