चाकांवरचें घर आणि विजेची पुंजी

अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या मंडळींना उन्हाळ्याची सुटी आली, कीं चाकांवरच्या घराचे वेध लागतात. मोटारीमागें ओढावयाच्या या घरास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आंत ओटा, न्हाणीघर, निजावयाची जागा, सर्व कांहीं असतें. आणि पुष्कळ गाड्यांस एक सरकता खणही असतो. बटण दाबलें, कीं एका बाजूची भिंत बैठकीसह दोन-तीन फूट बाहेर सरकते आणि आंत ऐसपैस जागा होते. यासच तिकडे स्लाइड-आऊट म्हणतात. मोठ्या कुटुंबास हा खण म्हणजे वरदानच! परंतु हें वरदान बॅटरीच्या विजेवर चालतें, हें विसरल्यास काय होतें, याचा आम्हांस आलेला अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडावा म्हणून येथें देत आहों.

आम्ही डेन्व्हर येथें राहतों. गेल्या जूनमध्यें पुण्याहून मातोश्री आल्या असतां, भाड्याचा ट्रेलर घेऊन आम्ही यलोस्टोन येथें गेलों. हें राष्ट्रीय उद्यान इ. स. १८७२ मध्यें स्थापन झालें. तेथील तळांपैकीं केवळ फिशिंग ब्रिज येथेंच ट्रेलरला वीज जोडून मिळते. आम्हांस जागा मिळाली ती मॅडिसनच्या तळावर. तेथें तशी सोय नाहीं. जागा सुमारें ६,८०० फूट उंचीवर. जूनमध्येंही रात्रीं थंडी कडाक्याची.

मोटार सोडवून आम्हीं खण बाहेर काढला, सर्व दिवे लावले, मुलांनीं आपले फोन बॅटरीस लावले, आणि मातोश्रींना गारठा बाधूं नये म्हणून हीटर चढवून आम्ही निजलों. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली ती हुडहुडीनें. मातोश्री उठून बसल्या होत्या.

"अरे, गॅस संपला का?"

"नाहीं आई, गॅस भरपूर आहे. पंखा फिरवायला वीज उरली नाहीं."

हीटर जळतो गॅसवर. पण ऊब पसरविणारा पंखा बॅटरीवर फिरतो, आणि पंखा थांबला कीं हीटरही बंद होतो. मातोश्रींचें वय ७९, छाती नाजूक. त्यांना मोटारींत बसवून, इंजिन चालूं ठेवून, आम्हीं उजाडेपर्यंत वेळ काढला. सकाळीं खण आंत घेऊं लागलों, तर तो वीतभर सरकून अडला! भिंत बाहेर असतां गाडी हलवितां येत नाहीं. शेजारच्या गृहस्थांनीं आपला जनरेटर देऊं केला. पण तळाच्या नियमाप्रमाणें तो सकाळीं ८ ते रात्रीं ८ पर्यंतच लावतां येतो. आठ वाजेपर्यंत घड्याळाकडे पाहत बसलों. पुढें दोन तास बॅटरी भरल्यावर खण निमूटपणें आंत आला.

मागाहून हिशेब मांडला, तेव्हां चूक आमचीच दिसली. आमची बॅटरी साध्या शिशाची, १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची. अशा बॅटरींतून निम्मीच वीज वापरावी, नाहीं तर तिचें आयुष्य घटतें. म्हणजे खर्चावयास उरले ५०. पंखा फिरतांना सुमारें ७ अँपिअर ओढतो. रात्रींत एकंदर सहा तास फिरला, कीं ४२ संपले! उरलेल्या आठांत दिवे, पाण्याचा पंप, फोन आणि फ्रीज. शिवाय थंडींत बॅटरीचा जोर कमी होतो, तो वेगळाच.

खणाची गोष्ट निराळी. तो सरकतो अर्धा-एक मिनिट. त्यामुळें एकंदर वीज अगदीं थोडी लागते. पण ती थोडी वीज तो एकदम मागतो, आणि थकलेल्या बॅटरीस एकदम देणें जमत नाहीं. वर्षाचें धान्य पुरवून खाणाऱ्या घरास एका दिवशीं शंभर पानें उठवावयास सांगितलीं, तर जी गत होईल तीच ही!

तेव्हां जाणाऱ्यांनीं इतकें करावें. आधीं गाडी समपातळींत उभी करावी, चाकांस उटी लावावी, मगच खण काढावा. बाहेर झाड, आंत मुलांचीं खेळणीं आड येत नाहींत ना, हें पाहावें. आंत घेतांना वरील काटक्या-पानें झाडावींत, आणि मोटार जोडून इंजिन चालूं ठेवावें. हातानें खण ओढण्याची सोय पुष्कळ गाड्यांस असते; ती कोठें आहे, हें भाड्यानें घेतांनाच विचारून घ्यावें. बॅटरीस विसावा देऊन तिचा दाब मोजावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. चहा गॅसवरच करावा. १५०० वॅटची विजेची किटली या बॅटरीपासून सव्वाशें अँपिअर मागते. लिथियमच्या बॅटरींतून ८०-९० टक्के वीज वापरतां येते. मात्र ती शून्य अंशाखालील थंडींत भरूं नये. आणि रिकाम्या बॅटरीनें प्रवासास कधींही निघूं नये. वाटेंत ट्रेलर मोटारीपासून सुटलाच, तर त्याचे ब्रेक लागतात ते याच बॅटरीच्या बळावर.

दुसऱ्या रात्रीं आम्हीं हीटर मंद ठेवला, एकच दिवा लावला, आणि मातोश्रींनीं पुण्याहून आणलेली गोधडी बाहेर काढली. सर्वांस गाढ झोंप लागली. सकाळीं खण पहिल्याच बटणास आंत आला, तेव्हां मातोश्री हंसून म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावे, हें तुमच्या घरालाही कळायला हवें होतें!"