प्रकाशाची बांधणी (भाग ९) : एका कॅमेऱ्यावर दोन रंग

पेशीच्या आत सतत मालवाहतूक चालू असते. किनेसिन हे प्रथिन एखादी चिमुकली पुटिका सेकंदाला साधारण ०.८ मायक्रॉन वेगाने ओढत नेतं. पुटिकेला हिरवा आणि तिच्यावरच्या दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला लाल चमकता रंग लावला, तर ती दोघं खरंच सोबत जातात का, हे बघता येतं. नेहमीची पद्धत म्हणजे आधी हिरवा फिल्टर लावून चित्र घ्यायचं, मग लाल. पण फिल्टर बदलताना दशांश सेकंद गेला, तरी पुटिका ८० नॅनोमीटर पुढे गेलेली असते. मग दोन ठिपक्यांमधलं अंतर पेशीतलं आहे की फिल्टर बदलण्यातलं, हे सांगणार कोण?

दोन्ही रंग एकाच क्षणी टिपणं, हा यावरचा सरळ उपाय. जपानमध्ये काझुहिको किनोसिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली एकाच कॅमेऱ्यावर शेजारी-शेजारी दोन प्रतिमा पाडण्याची मांडणी प्रसिद्ध केली. रेणूंची दिशा आणि पेशीतलं कॅल्शियम असं दोन्ही त्यांनी तिच्यातून पाहिलं. आज अशी यंत्रं तयार मिळतात. पण आत असतं काय, तर एक फट, दोन भिंगं आणि रंगानुसार प्रकाश वेगळा करणारे, म्हणजे डायक्रोइक, आरसे. ज्याला हे यंत्र वापरायचं आहे त्याने ते एकदा स्वतः जोडावं, असं माझं ठाम मत आहे. प्रतिमा कुठे आणि का बिघडते, हे जोडल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात फटीपासून. कॅमेऱ्याचा सेन्सर एरवी जिथे बसतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडतात त्या सी-माउंटच्या कडेपासून साडेसतरा मिलिमीटरवर, तिथे ती बसते. २०४८ पिक्सेलांचा, ६.५ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर १३.३ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून फट त्याच्या निम्म्याहून किंचित अरुंद ठेवायची. दाढीच्या ब्लेडची दोन पाती काळी करून लावली तरी कडा छान धारदार येतात. इथे आपण निम्मं दृश्यक्षेत्र गमावतो, प्रकाश मात्र जवळजवळ सगळा वाचतो. हा सौदा मला नेहमी फायद्याचा वाटतो.

फटीनंतर १५० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग येतं आणि ते प्रकाश समांतर करतं. सगळी मदार याच टप्प्यावर आहे. तिरपी काच एकवटत्या किरणांच्या वाटेत आली, की प्रतिमा एका दिशेने फिसकटते. समांतर किरणांना तिचा त्रास होत नाही. म्हणून डायक्रोइक आरसे दोन भिंगांच्या मधेच हवेत. पहिला ५६५ नॅनोमीटरच्या आसपास वाटणी करतो : हिरवा परततो, लाल आरपार जातो. दोघांच्या वाटेत एकेक साधा आरसा आणि एकेक फिल्टर असतो. तसाच दुसरा डायक्रोइक त्यांना पुन्हा एका वाटेवर आणतो. या फेरीत लाल प्रकाश एकदा परावर्तित होतो, हिरवा तीनदा. दोन्ही आकडे विषम, म्हणून एका चित्राच्या तुलनेत दुसऱ्यात डावं-उजवं उलटं झालेलं नसतं. डायक्रोइकची काच जाड घ्या, ३ मिलिमीटरची मिळाली तर उत्तम. पातळ काच पकडीत किंचित वाकते आणि परतणाऱ्या हिरव्या रंगाची प्रतिमा धूसर होते.

जुळवणी शेवटाकडून करायची. आधी कॅमेरा आणि त्याच्या पुढचं, तेही १५० मिलिमीटरचं, भिंग खिडकीबाहेर दूरच्या टॉवरवर रोखा आणि तो स्पष्ट दिसेल तिथे घट्ट करा. मग पहिलं भिंग लावून फट मागेपुढे सरकवा. तिच्या कडा स्पष्ट दिसल्या, की मधला प्रकाश समांतर झाला.

आता दोन चित्रं शेजारी बसवायची. आरशाचा स्क्रू पूर्ण एक फेरा फिरवला, तर आरसा साधारण अर्धा अंश कलतो आणि चित्र चारशे पिक्सेल सरकतं. म्हणजे स्क्रूच्या एका अंशाला जेमतेम एक पिक्सेल. या कामात हात हलका लागतो. बोट स्क्रूवर नुसतं टेकलं तरी पडद्यावरचा ठिपका हलतो, बोट काढलं की थोडा परततो. म्हणून फिरवायचं, हात काढायचा, थांबायचं आणि मगच बघायचं.

एवढं करूनही चित्राचं किंचित फिरणं आणि आकारातला बारीक फरक आरशांनी जात नाही. त्यासाठी ०.२ मायक्रॉनचे, अनेक रंगांत एकाच वेळी चमकणारे मणी काचेवर पसरून चित्र घ्यायचं. प्रत्येक मणी दोन्ही अर्ध्यांत दिसतो. त्या जोड्यांवरून फिजीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक चित्र दुसऱ्यावर बसवता येतं. खोलीचं तापमान बदललं की धातू सरकतो, म्हणून मण्यांचं चित्र प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी नव्याने घ्या.

एक गळती मात्र उरते. हिरव्या चमकत्या प्रथिनाचा प्रकाश ५०९ नॅनोमीटरच्या आसपास सर्वात तीव्र असला, तरी त्याचं शेपूट ६०० च्या पुढे जातं आणि लाल अर्ध्यात उतरतं. फक्त हिरवा रंग लावलेल्या पेशी घेऊन हे प्रमाण मोजायचं आणि वजा करायचं, ते कसं, हे पुढच्या भागात.