डोकेदुखी आणि कियारीचा दोष
वर्षानुवर्षें डोकें दुखतें, अखेर एम. आर. आय. होतो, आणि अहवालांत ‘कियारी’ हें नांव पाहून घरचीं माणसें हबकतात. प्राग येथील हान्स कियारी यांनीं १८९१ सालीं वर्णिलेल्या या विकृतींत लहान मेंदूचें खालचें टोक कवटीच्या तळाच्या छिद्रांतून मानेकडे, बहुधा ५ मिलिमीटर वा अधिक, उतरतें. परंतु असें टोक उतरलेलीं कित्येक माणसें आजन्म निरोगी असतात! म्हणून डॉक्टरांस प्रथम विचारावें, माझी डोकेदुखी यामुळेंच आहे काय? खोकतांना, शिंकतांना डोक्याच्या मागील बाजूस कळ उठत असेल, तर संशय बळावतो. अर्धें डोकें तासन्‌तास ठणकून मळमळत असेल, तर ती बहुधा अर्धशिशी, आणि तिच्यापायीं कवटीचें हाड कापविणें व्यर्थ. हातांस बधिरता आली, तोल जाऊं लागला, तर मात्र विलंब नको. मज्जारज्जूंत पाणी सांठत असण्याचा संभव असतो.