रेग्युलेटरवर पहारा : क्रोबार
मंडळी, फौजेत आम्ही पहारेकऱ्यावरही नजर ठेवायचो. रेग्युलेटरचं तसंच आहे. त्यातला ट्रान्झिस्टर जळतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो आणि 5 व्होल्टच्या जागी मागचे 12 व्होल्ट सरळ पुढे जातात. टीटीएल चिपची कमाल मर्यादा 7! फ्यूज वितळेपर्यंत चिप गेलेली असते.

म्हणून मी आउटपुटवर क्रोबार लावतोच. एससीआर आउटपुटवर आडवा, त्याच्या गेटला 5.6 व्होल्टचा झेनर. त्यात गेटचे 0.7 मिळवा, सुमारे 6.3 व्होल्टला एससीआर चालू होतो, काही मायक्रोसेकंदांत आउटपुट शॉर्ट करतो. मग फ्यूज सावकाश उडू दे. फ्यूज मात्र फिल्टर कपॅसिटर आणि रेग्युलेटर यांच्या मध्येच हवा, नाहीतर कपॅसिटरमधला सगळा साठा एससीआरवर रिकामा होतो. गेटपासून ग्राउंडला रेझिस्टर आणि छोटा कपॅसिटर टाका. किरकोळ झटक्याला तो उगाच पेटणार नाही.