ब्रेक पॅड: स्वस्तातले की नावाजलेले?
गावात सावकाश फिरणारी गाडी स्वस्त पॅडवरही थांबते. फरक कळतो आंबेनळी घाट उतरताना. सारखा ब्रेक दाबला की पॅड तापतात, हलक्या मालातलं रेझिन (पॅडचा मसाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) लवकर जळतं, वायू सुटतो आणि पकड जाते. पेडल पायाला घट्ट लागतं, गाडी मात्र पुढेच जाते! म्हणून बिननावाचे पॅड मी कुणालाच सुचवणार नाही. पण शोरूममधूनच घ्यायला हवेत असंही नाही. गाडीच्या कंपन्या पॅड बहुधा बाहेरूनच घेतात. बॉशसारख्या कंपन्यांचे पॅड दुकानात मिळतात, बऱ्याचदा कमी किमतीत. पक्कं बिल घ्याच, नकली माल फार आहे. घासणारा थर 3 मिमीवर आला की एकाच आसावरच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला.