रोटीवरचा शिक्का

इंदूरच्या आपल्या मंडळींतली बरीच मुलं आता इव्हेंट एजन्सीत कामाला आहेत. त्यांच्या तोंडी सारखं ड्रोन, व्हीआर आणि एलईडी वॉल. त्यांच्यासाठी ही २०१३ची गोष्ट.

अलाहाबादच्या कुंभमेळ्यात लाइफबॉय साबणाच्या प्रचाराचं काम ओगिल्वी या एजन्सीकडे होतं. मेळ्यात जिकडेतिकडे फलक. त्यात आणखी एक कोण वाचणार? एजन्सीने जागेपेक्षा वेळेचा विचार केला. हात धुण्याची आठवण कधी व्हायला हवी? पहिला घास मोडण्याआधी. आणि तेव्हा हात जातो तो रोटीकडे. मग तापणारा शिक्का बनवला. रोटीवर दाबला की शाईशिवाय अक्षरं उमटत. लाइफबॉयने हात धुतलेत का, असा हिंदीतला साधा प्रश्न. मेळ्यातल्या १०० भटारखान्यांत माणसं उभी केली आणि २५ लाखांहून जास्त रोट्यांवर तो उमटला.

यंत्र म्हणावं तर एवढंच. खरी मेहनत ती १०० ठिकाणं सांभाळण्याची.

अन्नावर जाहिरात आमच्या आजीला मुळीच रुचली नसती. मलाही जरा खटकते. पण विचारलं होतं ते हात धुण्याबद्दल, म्हणून लोकांनी चालवून घेतलं असावं. नुसतं साबणाचं नाव छापलं असतं तर?

२०२८मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, म्हणजे आपल्या दाराशीच. पोरांनो, कुणाला तिथलं काम मिळालं तर पहिल्या मीटिंगला स्क्रीनचं कोटेशन घेऊन जाऊ नका. आधी एखाद्या अन्नछत्रात पंगतीला बसून या.